तिसाही पाढ्यांत येणारा आकडा

सासऱ्यांनी मला तो प्रश्न विचारला तेव्हा मी ढोबळी मिरची क्रेटमध्ये भरत होते. डाळजच्या शिवारात, हायवेपासून आत आमचं शेडनेट आहे आणि त्याला लागून पत्र्याची शेड. दुपारची वेळ होती. समोर उलट्या क्रेटवर आबा बसलेले, आमच्या दोघांच्या मध्ये मिरचीचा ढीग, आणि ढिगाच्या कडेला माझी उघडी वही. आदल्या रविवारी शिकवलेला लसावि मी त्यांना वाचून दाखवत होते. चारच्या पाढ्यात आणि सहाच्या पाढ्यात, दोन्हीकडे येणारा सगळ्यात लहान आकडा बारा, म्हणून चार आणि सहाचा लसावि बारा. असं सगळं.

आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सूनबाई, ह्यात दोनच आकडे घालायचे असतात का?"

"कितीबी घाला की आबा."

"मग एक ते तीस घाल. तिसाच्या तीस पाढ्यांत येतो असा सगळ्यात ल्हान आकडा कंचा, तेवढं मला काढून दे."

मी हसले. त्यांना वाटलं मी नाही म्हणतेय. "न्हाय जमत का?" त्यांनी विचारलं, आणि मग मात्र मला जमवावंच लागणार होतं.

तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते आणि दहावीची तयारी करत होते. माझं माहेर शेळगावचं. नववीपर्यंत शाळेत गेले, गणितात नापास झाले आणि थांबले. थांबले म्हणजे कुणी थांबवलं नाही, मीच गेले नाही. गणिताच्या तासाला एकदा एकोणिसाचा पाढा अडला म्हणून घंटा होईपर्यंत फळ्यापाशी उभी होते. तेवढं पुरलं. पुढं लग्न झालं, मुलगी झाली, शेत होतंच. मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिच्या फॉर्मवर 'आईचे शिक्षण' असा एक रकाना होता. तिनं पेन जरा वेळ तसंच धरलं आणि माझ्याकडं न बघता 'नववी' लिहिलं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर मी विसरून गेले असते.

मी घरात सांगितलं की मला सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय, बाहेरून दहावीला बसायचंय. आमचे हे म्हणाले, "आता, ह्या वयात?" आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच चौकशी करून कागदपत्रांची यादी घेऊन आले.

बाहेरून बसणाऱ्यांसाठी बारामतीत एक निवृत्त सर दर रविवारी सकाळी शिकवायचे. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावरची लांबट खोली, एक फळा, प्लास्टिकच्या खुर्च्या. आम्ही बारा-तेरा जण होतो, बहुतेक बायकाच. सरांनी पहिल्याच दिवशी ओळखलं की आमची दहावी लांब आहे, आधी सहावी झाली पाहिजे. म्हणून त्यांनी मूळ संख्या, अवयव आणि लसाविपासून सुरुवात केली. भिगवणहून एसटीनं जायचं, शिकायचं, परत यायचं आणि आठवडाभर मिरची निवडता निवडता ते आबांना सांगायचं, असा माझा अभ्यास होता. आबांना ऐकवलं की मला कळायचं मला काय कळलेलं नाही.

आबा चौथी शिकलेले. पण त्यांच्या वेळची चौथी! रोज संध्याकाळी परवचा म्हणून म्हणून तीसपर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, दीडकी, सगळं तोंडात बसलेलं. आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळं सगळा हिशोब डोक्यातच. रात्री झोप लागली नाही की देवाचं नाव घेतात तसे ते सत्ताविसाचा पाढा म्हणतात. पण हे पाढे एकमेकांना कुठं भेटतात, असा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पडला होता, आणि तो माझ्या वहीमुळं पडला होता.

पहिल्यांदा मी सरळ मार्ग धरला. एक गुणिले दोन गुणिले तीन, असं तीसपर्यंत गुणत जायचं. असा आकडा सगळ्या पाढ्यांत येणारच, कारण सगळे त्याच्या पोटातच आहेत. पंधरापर्यंत आले आणि वहीची ओळ संपली. तीसपर्यंत गेलं तर तेहेतीस अंकांची संख्या होते, हे सरांनी नंतर सांगितलं.

आबांना ते पटलं नाही. "ही भर झाली. मी ल्हान मागितला व्हता. बारा काढताना तू चार सक चोवीस केलं व्हतंस का?"

नव्हतं केलं. चार आणि सहा दोघांत एक दोन सामाईक असतो, तो दोनदा घ्यायचा नाही. त्या एका वाक्यानं माझं डोकं चालायला लागलं.

मी वहीचं नवं पान घेतलं आणि लहानापासून चढत गेले. दोनसाठी एक दोन. तीनसाठी एक तीन. झाले सहा. चारला दोन दोन लागतात, एक आहे, म्हणून आणखी एकच घातला. बारा. पाच नवा, घातला. साठ. आणि सहा? सहा म्हणजे दोन गुणिले तीन, आणि दोन्ही आधीच आत बसलेले. सहाला काही घालावंच लागलं नाही! मी हातातली मिरची खाली ठेवली आणि ते दोनदा तपासलं. मग दहा आपोआप आला, बारा आपोआप आला, चौदा, पंधरा, अठरा, वीस, सगळे आपोआप. फक्त अकरा, तेरा, सतरा अशा मूळ संख्या आल्या की गुणावं लागायचं, कारण त्यांचे तुकडेच होत नाहीत. नाहीतर सोळा, पंचवीस असं कुणी आलं की आधीच्या दोनांत, पाचांत आणखी एकाची भर. लग्नाच्या पंगतीत नवा पाहुणा आला की सरकून जागा करावी, आणि बसून बघावं तर जागा आधीच मोकळी असावी, तसं ते वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी मी आबांना आकडा सांगितला. सत्त्याहत्तर हजार सहाशे छत्तीस कोटी, एकतीस लाख, सत्त्याऐंशी हजार सहाशे. आमच्या घरातल्या कॅल्क्युलेटरवर बारा आकडे मावतात आणि हा बरोबर बारा आकड्यांचा होता, काठोकाठ.

"आता एकेकानं भाग," आबा म्हणाले.

मी भागत गेले. दोननं गेला, तीननं गेला, सातनं, अकरानं, तेरानं. प्रत्येक वेळी पूर्ण आकडा. सतरानं गेला तेव्हा आबांनी मांडीवर थाप मारली. तेवीसनं गेला, पंचवीसनं गेला, सव्वीसनं गेला. मी खुशीत सत्तावीस दाबले आणि पडद्यावर शेवटी टिंब आलं. टिंबापुढं तीन.

मी परत केलं. परत टिंब, परत तीन.

"काय झालं?"

"सत्ताविसाला अडलं, आबा."

माझा चेहरा उतरला असणार. मी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला. मला वाटलं, हे असंच आहे, आपलं गणित इथंच येऊन थांबतं. पण आबांना वाईट वाटलंच नव्हतं. ते पुढं वाकले, एकदम तरतरीत. "बाकीच्या समद्यांनी जातोय आणि ह्या एकालाच न्हाय, म्हंजी चूक ल्हान हाय. सत्ताविसाला काय घातलंवतंस?"

"काहीच नाही. सत्तावीस म्हणजे तीन गुणिले नऊ. तीन आत आहे, नऊबी आत आहे. म्हणून सोडलं."

"नऊ कशाचा केलास?"

"तीन गुणिले तीन."

"आणि सत्ताविसातला तिसरा तीन?"

मी वहीतले तीन बोटानं मोजले. आत दोनच तीन होते. त्या दोघांचाच मी नऊ धरला होता आणि त्यातल्याच एकाला परत तीन म्हणून मोजलं होतं. सत्ताविसाला तीन तीन लागतात. एक कमी होता. एवढीच चूक होती. ती दुसऱ्या कुणी लाल पेनानं दाखवली नव्हती. सासरा आणि सून, आम्ही दोघांनी मिरचीच्या ढिगाशी बसून ती हुडकून काढली होती. मला त्या चुकीचाच आनंद झाला.

आकड्याला तीननं गुणायला कॅल्क्युलेटर घेतला तर पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजी ई उमटला. तेरावा अंक त्याच्यात मावत नव्हता.

"मोबाईलवर करते," मी म्हटलं.

"मोबाईल कशाला? हात हायत की," आबा म्हणाले.

हातानं गुणलं. २३२९०८९५६२८००. दोन लाख बत्तीस हजार नऊशे आठ कोटी, पंच्याण्णव लाख, बासष्ट हजार आठशे. आणि मग आबांनी हट्टच धरला की दोन ते तीस, सगळे भागाकार झाले पाहिजेत, हातानं. मी सांगून बघितलं की सोळानं गेला म्हणजे दोन, चार, आठनं जाणारच. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "जाणारच हाय तर भिऊ नगंस, मांड."

एकोणतीस भागाकार. चार दुपारी लागल्या. मी मांडायची, आबा डोळे मिटून पाढा सांगायचे. आमचे हे पाणी द्यायला शेतात जाताना थांबायचे, "कुठवर आलं?" विचारायचे आणि पुढं जायचे. तिसऱ्या दिवशी तेही खाली बसले. सत्ताविसानं गेला तेव्हा आम्ही एकमेकांकडं बघून नुसते हसलो. तीसही आधीच उरकून घेतला, सोपा म्हणून. सगळ्यात शेवटी एकोणतीस ठेवला होता, कारण तो पाढा आबांचा आवडता.

"पयले तीन आकडे सांग."

"दोनशे बत्तीस."

"एकोणतीस आठे दोनशे बत्तीस!" ते जवळजवळ ओरडलेच. "पयल्याच घासाला बाकी शून्य! पुढं चल."

पुढं नव्वद आला, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, बाकी तीन. अडतीस. नव्याण्णव. एकशे पंचवीस. शहाण्णव. ब्याण्णव, परत त्रिक सत्त्याऐंशी, बाकी पाच. वरचा आठ खाली घेतला आणि माझा हात थांबला.

"बाकी पाच, खाली आठ. किती झालं, आबा?"

"अठ्ठावन्न." त्यांनी डोळे उघडले. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न."

खाली शून्य. उरलेले दोन शून्य सरळ वर गेले. संपलं. आबा क्रेटवरून उठले, त्यांनी धोतराचा सोगा झटकला आणि गावातल्या चहाच्या टपरीकडं निघाले. आकडा ते अंगणातच पाठ करत होते. टपरीवर त्यांनी तो सगळ्यांना ऐकवला. हायवेवरून आत आलेला एक ट्रकवाला म्हणाला, "एवढा निधी कुठल्या खात्याला आला, आबा?" आबा म्हणाले, "निधी न्हाय, आमच्या सूनबाईनं काढलाय." घरी येऊन त्यांनी हे मला स्वतःच सांगितलं, आणि जेवताना परत एकदा सांगितलं.

रविवारी मी सरांना वही दाखवली. त्यांनी दोन पानं उलटली, चष्मा कपाळावर सरकवला आणि खडू माझ्यापुढं धरला. "मला नको, सगळ्यांना सांगा."

नववीनंतर पहिल्यांदाच फळ्यापाशी गेले, खडू उलटसुलट धरून बघितला. पण आकडा लिहायला लागले आणि तेरा अंक होईपर्यंत हात मोकळा झाला. सगळं सांगितलं. सत्ताविसाची चूकही सांगितली. भवानीनगरहून एक बाई यायच्या, कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्या, अतिशय हुशार आणि कशालाच पटकन हो न म्हणणाऱ्या. त्यांनी हात वर केला.

"चालतो हा आकडा, मान्य. पण ह्याच्यापेक्षा लहान नसेलच कशावरून? तुम्हाला सापडला नाही म्हणून?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सर खिडकीला टेकून उभे राहिले. आबांनी हा प्रश्न विचारलेला नव्हता. मी फळ्याकडं बघितलं. आकड्याचे तुकडे करून मी खाली लिहिले होते: चार दोन, तीन तीन, दोन पाच आणि मग एकेक सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, तेवीस, एकोणतीस.

"ह्यातलं काय काढू, सांगा," मी म्हटलं.

"एक दोन काढा."

"मग तीन दोन उरले. सोळाला चार लागतात. सोळाचा पाढा तुटला."

"एक पाच."

"पंचवीस तुटला."

"तेरा?"

"तेराच तुटला, आणि सव्वीसही." मला आता थांबवत नव्हतं. "जो आकडा सोळाच्या पाढ्यात येणार, त्याच्या पोटात चार दोन असणारच. सत्ताविसाच्या येणार तर तीन तीन. पंचविसाच्या तर दोन पाच. ह्या मूळ संख्या तर हव्यातच. म्हणजे तिसाही पाढ्यांत बसणारा कुठलाही आकडा घ्या, एवढं सामान त्याच्यात असणारच असणार. आणि एवढंच सामान ज्याच्यात आहे तो हा. ह्याच्याखाली कुणी नाही."

त्या बाईंनी फळ्यावरचे तुकडे एकेक करून परत मोजले. मग त्यांनी वहीत तो आकडा उतरवून घेतला आणि म्हणाल्या, "पटलं." त्या खोलीत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

सर फळ्यापाशी आले. "आता ह्यांच्या आकड्याला एकूण किती संख्यांनी भाग जातो, मोजूया," ते म्हणाले. आम्हाला वाटलं, तीस, फार तर पन्नास. सरांनी रीत दाखवली. भागणारी संख्या बनवायची तर दोन घ्यायचाच नाही, किंवा एक, दोन, तीन, चार घ्यायचे, म्हणजे पाच प्रकार. तीनचे चार प्रकार. पाचचे तीन. बाकी सात मूळ संख्या एकेक घ्यायच्या किंवा सोडायच्या, प्रत्येकीचे दोन. सगळ्यांचा गुणाकार मी केला. पाच चोक वीस, वीस त्रिक साठ, मग साठाची सात वेळा दुप्पट. सात हजार सहाशे ऐंशी.

सात हजार सहाशे ऐंशी संख्यांनी त्याला पूर्ण भाग जातो! त्यातल्या तिसांसाठी आम्ही चार दुपारी घालवल्या होत्या. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी हसत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, घरी काही चांगली बातमी आहे का. मी म्हटलं, हो.

त्यानंतरचं वर्ष सोपं गेलं असं नाही. भूमितीनं मला रडवलं. मिरचीवर थ्रिप्सची कीड आली तेव्हा तीन रविवार बुडाले. पण गणिताच्या पुस्तकाला मी घाबरेनाशी झाले होते. प्रश्न अडला की मी त्याचे तुकडे करायचे आणि कुठला तुकडा आत नाहीये ते शोधायचे. परीक्षेचं केंद्र इंदापूरला आलं. माझ्या बाकावर माझ्या मुलीपेक्षा लहान पोरगी होती, तिनं मला आधी पर्यवेक्षक समजून उठून नमस्कार केला. बीजगणिताचा पेपर अर्धा तास आधी संपला आणि मी तो बसून दोनदा तपासला.

निकाल मुलीनंच पुण्याहून फोनवर बघितला. "आई," ती म्हणाली. मग एका दमात, "सगळ्यात पास, गणितात चौऱ्याहत्तर." मी फोन आबांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "शंभरातले सव्वीस कुठं सांडले?" पण फोन त्यांनी कानाचा काढला नाही. आमचे हे उठले, गाडी काढली आणि भिगवणहून पेढे घेऊन आले, एवढे की शेजारच्या चार वस्त्यांना पुरले.

पुढच्या जूनमध्ये सरांचा फोन आला. नवी तुकडी आलीय, वीस जणी आहेत, अवयव आणि लसावि तुम्ही शिकवा. मी म्हटलं, मी अकरावीचा फॉर्म भरलाय, मला कुठला वेळ. ते म्हणाले, "दोनच रविवार." मी गेले.

त्या खोलीत मी तोच आकडा लिहिला, तसाच लहानापासून चढत. पुढच्या रांगेत एक पंचविशीची बाई बसली होती. हात खरखरीत, पहाटेची ऊसतोड करून आल्यासारखी दमलेली, पण डोळे फळ्यावरून हलत नव्हते. ती म्हणाली, "बाई, एकतीस घातला तर?"

"एकतिसाचे तुकडे होतात का?"

तिनं ओठ हलवत हिशोब केला. "न्हाय."

"मग गुणा."

तिनं खुर्चीवरूनच सांगितलं, मी लिहिलं. ७२२०१७७६४४६८००. मग बत्तीस. तिच्याच लक्षात आलं की बत्तिसाला पाच दोन लागतात आणि आत चारच आहेत, म्हणून दुप्पट. १४४४०३५५२८९३६००. तेहेतीस म्हणजे तीन आणि अकरा, आत आहेत. चौतीस, दोन आणि सतरा, आहेत. पस्तीस आहे. छत्तीस आहे. आता सगळ्या जणी एकदम बोलत होत्या, मागच्या दोघी उभ्या राहिल्या होत्या. मी खडू पुढं केला आणि ती बाई फळ्यापाशी आली.

"सदतिसाला परत गुणावं लागंल," ती म्हणाली आणि तिनं गुणायला सुरुवात केली.